शाळेतील तंबाखूप्रतिबंध कार्यक्रम : वर्तनबदलाच्या सिद्धांतांवरून आखणी आणि मूल्यमापन

दरवर्षी ३१ मे रोजी जागतिक तंबाखूविरोधी दिन येतो, त्या वेळी महाराष्ट्रातील शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. त्यामुळे शपथ, प्रभातफेरी, घोषवाक्ये आणि चित्रकला स्पर्धा हे सारे जूनच्या मध्यावर शाळा उघडल्यानंतर एखाद्या शनिवारी उरकले जाते. हे उपक्रम निरुपयोगी आहेत असे नव्हे. मात्र सातवीतल्या मुलाला ‘तंबाखूने काय होते?’ असे विचारले, तर तो फेरीच्या आदल्या दिवशीही ‘कॅन्सर’ असेच उत्तर देतो आणि फेरीनंतरही तेच देतो. माहिती त्याच्याकडे आधीपासून असते. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापलेला इशारा त्याला येता-जाता टपरीवर दिसतच असतो. उणीव बहुधा दुसरीकडेच असते आणि ती कुठे आहे हे शोधण्यासाठी वर्तनबदलाचे सिद्धांत उपयोगी पडतात.

पुण्यात समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य किंवा परिचर्येचे शिक्षण घेणारे विद्यार्थी, शाळांतील शिक्षक आणि गणेश मंडळांचे कार्यकर्ते यांच्यापैकी ज्यांच्यावर असा कार्यक्रम पहिल्यांदाच घेण्याची जबाबदारी आली आहे, त्यांना समोर ठेवून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. सर्व पायऱ्यांमागे एकच आग्रह आहे : तक्ते, चित्रफिती आणि खेळ जमवण्याआधी, आपण मुलाच्या मनातली किंवा त्याच्या भोवतालची नेमकी कोणती गोष्ट बदलणार आहोत हे एका वाक्यात लिहून काढावे, आणि मूल्यमापनाच्या वेळी तीच गोष्ट मोजावी.

पहिली पायरी : कोणते वर्तन, कोणाचे, ते ठरवावे

‘तंबाखूमुक्त पिढी घडवणे’ हे उद्दिष्ट फलकावर शोभते, पण त्यावरून एक तासही आखता येत नाही. कोणत्या वयाच्या मुलांनी, कोणता पदार्थ, कोणत्या प्रसंगी टाळावा, हे लिहिले पाहिजे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते; त्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. असे असूनही आपल्याकडच्या बहुतेक फलकांवर जळती सिगारेट आणि तिच्यावर लाल काट हेच चित्र असते, याचे नवल वाटते. पुण्यातल्या वस्तीतील शाळेत काम करायचे असेल तर आधी मावा, तंबाखू-चुना, गुटखा आणि मिश्री यांचा विचार करावा लागतो, विडी-सिगारेटचा त्यानंतर.

वयाबाबतही गफलत होते. १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातील ८.५ टक्के विद्यार्थी त्या वेळी तंबाखू वापरत असल्याचे दिसले, आणि धूरविरहित तंबाखू घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांनी वयाची १० वर्षे पूर्ण होण्याआधीच सुरुवात केली होती. म्हणजे सातवीच्या वर्गात दोन प्रकारची मुले बसलेली असतात, आणि दोघांसाठी एकच सत्र पुरत नाही. या लेखात पुढे एकच उदाहरण घेऊ : पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीजवळील महापालिकेच्या एका शाळेत सातवीतील ज्या मुलांनी अद्याप मावा खाल्लेला नाही, त्यांनी नववी संपेपर्यंत तो सुरू करू नये, असे आपले उद्दिष्ट आहे. ज्या मुलांनी आधीच सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी समुपदेशनाची वेगळी व्यवस्था हवी. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक वर्गात सर्वांनाच लिहून द्यावा, म्हणजे कोणा एकाकडे बोट जात नाही.

दुसरी पायरी : लिहिण्याआधी ऐकावे

नियोजित वर्तनाचा सिद्धांत, म्हणजे माणसाचा इरादा त्याच्या स्वतःच्या मतावर, भोवतालच्यांच्या मतावर आणि ते आपल्याला जमेल या खात्रीवर ठरतो असा सिद्धांत, मांडणारे आइसेक आयझेन यांनी प्रश्नावली तयार करण्यापूर्वी त्याच गटातील लोकांना खुले प्रश्न विचारावेत असा आग्रह धरला. नवीन कार्यकर्ते हीच पायरी सर्वांत आधी गाळतात. सहा-सात मुलांचे दोन गट आणि मुलींचे दोन गट घ्यावेत, शिक्षकांना नम्रपणे बाहेर थांबायला सांगावे आणि तीन प्रश्नांवर गप्पा माराव्यात. मावा खाल्ल्याने मुलांना काय मिळते, असे त्यांना वाटते? कोणाला ते आवडेल आणि कोणाला खटकेल? आणि नको म्हणणे कोणत्या वेळी अवघड जाते? ‘तू खातोस का?’ असे येथे विचारू नये. ‘तुझ्या वयाची मुले’ असे म्हटल्यावर मुले मोकळी होतात.

यानंतर मुलांना शाळेच्या फाटकापासून घरापर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढायला लावावा आणि तंबाखू जिथे दिसते, विकली जाते किंवा खाल्ली जाते, तिथे खुणा करायला सांगाव्यात. सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांविषयीच्या २००३ च्या केंद्रीय कायद्यातील कलम ६ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत त्यांची विक्री करता येत नाही. नकाशात मात्र टपरीच्या खुणेशेजारी एखादे मूल ‘पप्पांची पुडी’ असे लिहून ठेवते. संध्याकाळी वडील खाटेवर टेकतात आणि ‘जा रे, कोपऱ्यावरून एक पुडी घेऊन ये’ म्हणतात, तेव्हा मुलाच्या हातात तंबाखू येते, टपरीवाल्याशी ओळख होते आणि उरलेले सुटे पैसे त्याचे होतात. दुसऱ्या घरात आजी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करते आणि नातीची दाढ दुखली की चिमूटभर तिच्याही हिरडीला लावते. या दोन्ही घरांत कोणी मुलाला व्यसन लावत नाही. तरीही दारातली अर्धी अडचण दूर झालेली असते. अशा गोष्टी कोणत्याही तयार पुस्तिकेत सापडणार नाहीत.

तिसरी पायरी : सिद्धांत निवडावा, सगळे गोळा करू नयेत

नवख्या अहवालांत पाच-सहा सिद्धांतांची नावे असतात आणि सत्रांत त्यांपैकी एकाचाही मागमूस नसतो. निवड सोपी करण्यासाठी सुझन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या चौकटीतील तीन प्रश्न आधी स्वतःला विचारावेत : मुलाला नकार देण्याचे कौशल्य आहे का? त्याच्या भोवतालची परिस्थिती त्याला तशी संधी देते का? आणि त्याला तसे करावेसे वाटते का? गटचर्चेतून जे हाती आले ते या तीन खणांत भरले की कोणता खण रिकामा आहे ते दिसते.

समजा, मुले म्हणाली की मावा वाईट आहे हे ठाऊक आहे, पण कॅन्सर म्हाताऱ्यांना होतो. मग १९५० च्या दशकात अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेत आकाराला आलेले हेल्थ बिलीफ मॉडेल उपयोगी पडेल, कारण धोका आपल्यालाही आहे आणि तो गंभीर आहे, हे दोन्ही पटले पाहिजे असे त्यात मानलेले आहे. मुले म्हणाली की ‘सगळेच खातात, न खाणारा येडा ठरतो’, तर अडचण भोवतालच्या मताची आहे आणि आयझेन यांचा सिद्धांत अधिक जवळचा आहे. आणि मुले म्हणाली की ‘नाही म्हणायचं असतं, पण मंडळातल्या दादाला कसं म्हणणार?’, तर अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्वक्षमतेवरील विश्वासाची, म्हणजे ‘हे मला जमेल’ या खात्रीची, संकल्पना हाताशी घ्यावी. आपल्या उदाहरणात शेवटच्या दोन अडचणी आढळल्या असे धरू.

प्रोचास्का आणि डीक्लेमेंटे यांच्या ‘बदलाच्या टप्प्यां’चे आकर्षण अनेकांना असते. सोडण्याचा विचारही नसण्यापासून सोडलेले टिकवण्यापर्यंतचे टप्पे मांडणारे ते प्रारूप धूम्रपान सोडू पाहणाऱ्या प्रौढांच्या अभ्यासातून आले आहे. ज्याने अजून सुरुवातच केलेली नाही अशा बारा वर्षांच्या मुलाला त्या टप्प्यांत बसवण्याचा अट्टहास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथी पायरी : प्रत्येक सत्राला एकच काम द्यावे

आखणीचा कागद तीन स्तंभांचा करावा : कोणती गोष्ट बदलायची, त्यासाठी वर्गात काय करायचे, आणि ती बदलली हे कशावरून कळेल. तिसरा स्तंभ भरता येत नसेल तर ते सत्र कितीही रंगतदार असले तरी काढून टाकावे.

‘सगळेच खातात’ ही समजूत दुरुस्त करण्यासाठी मुलांना आधी चिठ्ठीवर अंदाज लिहायला सांगतात की आपल्या इयत्तेतील दर शंभर मुलांपैकी किती जण मावा खात असतील. त्यानंतर निनावी सर्वेक्षणातून निघालेला खरा आकडा फळ्यावर लिहितात. बहुतेक ठिकाणी अंदाज खऱ्यापेक्षा बराच मोठा असतो आणि वर्गात चुळबुळ होते. ती होऊ द्यावी. परंतु आकडा आधी स्वतः पाहून घ्यावा. खरा आकडा अंदाजाच्या जवळ किंवा त्याहून मोठा निघाला तर हे सत्र घेऊ नये, कारण आपण त्या समजुतीवर शिक्कामोर्तब करून बसू.

नकार देण्याच्या कौशल्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. बँडुरा यांच्या म्हणण्यानुसार स्वतः करून जमल्याचा अनुभव हा विश्वासाचा सर्वांत बळकट स्रोत असतो. त्याखालोखाल आपल्यासारख्याच कोणाला जमताना पाहणे येते आणि नुसती समजावणी त्यामागून. म्हणून सराव चढत्या क्रमाने ठेवावा. पहिल्या फेरीत अनोळखी मुलगा मावा पुढे करतो, दुसऱ्या फेरीत बाकावरचा मित्र आणि तिसऱ्या फेरीत ढोल-ताशा पथकातला मोठा दादा, तोही चारचौघांत. मुलांनी वाक्ये स्वतःच शोधावीत. प्रौढांनी लिहून दिलेले ‘मी तंबाखूला ठाम नकार देतो’ हे वाक्य पर्वतीच्या पायथ्याशी कोणी उच्चारणार नाही. मुलांकडून जी वाक्ये येतात ती अशी असतात : ‘नको रे, तोंड आलंय माझं’, ‘दादा, नको, आई रोज तोंडाचा वास घेते’, ‘सरावाला दम लागतो मग’. यांत थोडी थाप असते याचा शिक्षकांना त्रास होतो. पण दादाचा मान राखून सुटका करून घेणे हे त्या वयात खरे कौशल्य आहे आणि तत्त्वनिष्ठ भाषणापेक्षा ते टिकते. तिसऱ्या फेरीत मूल अडखळले तर त्याच मुलाला पुन्हा संधी द्यावी, दुसऱ्याला नव्हे. जमल्याशिवाय जागेवर बसवले तर विश्वास वाढण्याऐवजी कमी होतो.

भीतीच्या वापराबद्दल सावध राहावे. किम विट्टे यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार धोका मोठा दाखवला आणि त्यावर आपल्याला काय करता येईल हे सांगितले नाही, तर माणूस धोक्यापासून नव्हे, तर त्या संदेशापासूनच स्वतःला वाचवतो : नजर वळवतो, हसतो, ‘आमचे आजोबा खातात, त्यांना काही नाही झालं’ म्हणतो. धोका सांगायचाच असेल तर वयाला जवळचा सांगावा. सुपारी आणि मावा यांमुळे तोंडातील अस्तर ताठर होत जाण्याचा आजार तरुण वयातही होतो. सुरुवातीला तिखट खाल्ल्यावर तोंडाची आग होते, मिसळ नकोशी वाटते आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. निरोगी तोंडात साधारणपणे स्वतःची तीन बोटे उभी मावतात. ही तपासणी घरी आरशासमोर करायला सांगावी, वर्गात सर्वांसमोर कधीही करू नये. ज्याची बोटे मावत नाहीत ते मूल त्या क्षणी उघडे पडते. अशा मुलाने कोणाला भेटायचे, हेही त्याच तासाला सांगितले पाहिजे. जवळच्या दंतवैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ आधीच विचारून ठेवावी.

घराशी संबंधित काम थोडेच, पण नेमके ठेवावे. ‘मुलाला पुडी आणायला पाठवणार नाही’ एवढी एकच गोष्ट पालकसभेत मागावी. वडिलांनी तंबाखू सोडावी अशी मागणी त्याच सभेत केली तर पुढच्या सभेला ते येत नाहीत. टपरीबाबतचा नकाशा मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे द्यावा. मुलांना टपरीवाल्यासमोर उभे करू नये.

पाचवी पायरी : प्रश्नावली

मिश्री लावणाऱ्या बहुतेकांच्या लेखी ती दात घासण्याची पूड असते. ‘तुम्ही तंबाखू वापरता का?’ या प्रश्नाला त्या घरातील मूल प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देईल. म्हणून प्रत्येक पदार्थाचे नाव घेऊन विचारावे : गेल्या ३० दिवसांत मावा किती दिवस खाल्ला, मिश्री किती दिवस लावली, गुटखा किती दिवस खाल्ला. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे, पण तेवढ्यावरून त्याचा प्रश्न गाळू नये.

मात्र आपला भर मधल्या दुव्यांवर, म्हणजे वर्तन बदलण्याआधी ज्या बदलायला हव्यात त्या खात्री, समजूत आणि इरादा यांवर असतो. स्वक्षमतेसाठी प्रसंग सांगून विचारावे : ‘मित्राने मावा पुढे केला आणि बाकीचे सगळे खात असतील, तर नको म्हणता येईल याची तुला किती खात्री आहे?’ उत्तरे चारच ठेवावीत : अजिबात नाही, थोडी, बरीच, पूर्ण. भोवतालच्या मतासाठी मघाचा शंभरातला अंदाज पुन्हा विचारावा. पुढच्या वर्षभरात मावा खाऊन बघावासा वाटेल का, हा इराद्याचा प्रश्नही असावा. प्रश्नावली छापण्यापूर्वी दुसऱ्या शाळेतील पाच-सहा मुलांना ती मोठ्याने वाचायला लावावी आणि प्रत्येक प्रश्न त्यांच्या शब्दांत परत सांगायला सांगावे. निम्म्या चुका तिथेच सापडतात.

नाव लिहून घेऊ नये, पण आधीची आणि नंतरची उत्तरे जुळली पाहिजेत. त्यासाठी मुलाने स्वतः संकेत तयार करावा : आईच्या नावाचे पहिले अक्षर, स्वतःच्या जन्मतारखेतील दिवस आणि मोठ्या भावंडांची संख्या. उत्तरपत्रिका शिक्षकांच्या हाती न देता बंद पेटीत टाकाव्यात. पालकांची लेखी संमती, मुलाची स्वतःची संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी याआधीच घेतलेली असावी. कोणाचे उत्तर काय आहे हे मुख्याध्यापकांनी विचारले तरी सांगायचे नाही, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवणे बरे.

सहावी पायरी : तुलना, संख्या आणि संयम

आधी मोजले, कार्यक्रम घेतला, नंतर मोजले आणि फरक जाहीर केला, एवढ्याने भागत नाही. दिल्ली आणि चेन्नई येथील ३२ शाळांमध्ये सहावी आणि आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी राबवलेल्या ‘मैत्री’ प्रकल्पात वर्गातील उपक्रम, भित्तिपत्रके, पालकांना पाठवलेली कार्डे आणि सवंगडी-नेत्यांच्या मोहिमा होत्या. दोन वर्षांत तुलनेच्या, म्हणजे कार्यक्रम न झालेल्या, शाळांमध्ये तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला, तर कार्यक्रमाच्या शाळांमध्ये तो १७ टक्क्यांनी घटला. वय वाढते तसा वापर आपोआप वाढतो. तुलनेच्या शाळा नसत्या तर परिणामाचा मोठा भाग दिसलाच नसता. त्यामुळे शक्यतो तशाच वस्तीतील दुसरी शाळा घ्यावी आणि तिला हाच कार्यक्रम पुढच्या वर्षी देण्याचे लेखी कबूल करावे.

संख्येच्या बाबतीत नवखा माणूस हमखास फसतो. २०० मुलांच्या शाळेत ५ टक्के मुले मावा खात असतील तर ती १० मुले झाली. पुढच्या वेळी ८ निघाली तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. शिवाय एका वर्गातील मुले एकमेकांसारखी वागतात. ४० मुलांचा एक वर्ग आणि त्यांच्यातील साम्याचा निर्देशांक (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे सगळे अगदी सारखे) ०.०२ असला, तरी आवश्यक संख्या १ + ३९ × ०.०२, म्हणजे १.७८ पट होते. ४०० मुलांची माहिती सुमारे २२५ स्वतंत्र मुलांइतकीच मोलाची ठरते. एक-दोन शाळांत काम करणाऱ्याने ‘वापर कमी झाला’ असा दावा करण्याच्या भानगडीत पडू नये. स्वक्षमता, अंदाज आणि इरादा यांत फरक पडला का, एवढे मात्र तो प्रामाणिकपणे सांगू शकतो.

अर्थात मधले दुवे बदलले म्हणजे वर्तन बदललेच असे नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात ४० शालेय जिल्ह्यांमध्ये तिसरीपासून बारावीपर्यंत चाललेल्या, सामाजिक प्रभावांच्या सिद्धांतावर बेतलेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००० मध्ये आले, तेव्हा कार्यक्रम मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांच्या धूम्रपानात फरक आढळला नाही. नेटाने राबवलेला कार्यक्रमही निष्फळ ठरू शकतो, हे हाती घेण्यापूर्वीच मान्य असावे.

मोजणीच्या तारखा शाळेच्या दिनदर्शिकेवर बेताव्यात. पहिली मोजणी जुलैमध्ये घ्यावी, गणेशोत्सवाच्या दिवसांत घेऊ नये, कारण मांडवात रात्री जागणाऱ्या मुलांचे ते दहा-बारा दिवस वर्षातील इतर दिवसांसारखे नसतात. सत्रे दिवाळीच्या सुट्टीआधी संपवून लगेच दुसरी मोजणी करावी. तिसरी, खरी मोजणी पुढच्या वर्षी जुलैमध्ये, मे महिन्याची सुट्टी उलटून गेल्यावर असते. बहुतेक प्रकल्प दुसरीवरच थांबतात.

सातवी पायरी : प्रत्यक्षात काय झाले याची नोंद

सत्र सांगितल्याप्रमाणे झाले का, किती मुले हजर होती, तिसऱ्या फेरीपर्यंत किती जण पोहोचले, याची नोंद प्रत्येक तासाच्या शेवटी पाच मिनिटांत करावी. परीक्षा जवळ आली की ४० मिनिटांचा तास २५ मिनिटांवर येतो आणि मग सराव गाळून व्याख्यान उरते. ही नोंद नसेल तर परिणाम न दिसल्यास सिद्धांत चुकला की सत्रच झाले नाही, हे कधीच कळत नाही. स्वक्षमता वाढली पण इरादा जागचा हलला नाही, तर आपण चुकीचा दुवा निवडला. स्वक्षमताच वाढली नाही आणि नोंदीत सराव गाळलेला दिसतो, तर सत्रे पुन्हा घेऊन पाहावीत.

शाळेला अहवाल दोन पानांचा आणि मराठीत द्यावा. जे बदलले नाही तेही त्यात लिहावे. ज्या गटात पाचपेक्षा कमी मुले असतील त्याचा आकडा वेगळा छापू नये. ‘सातवी ब मधील दोन मुली’ असे लिहिले की त्या कोण हे संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीला कळते. तुलनेच्या शाळेला दिलेल्या शब्दाप्रमाणे तिथल्या सत्रांच्या तारखा याच अहवालासोबत मुख्याध्यापकांकडून लिहून घ्याव्यात.